ताटीबाहेरून दिलेला धीर : मराठी ख्रिस्ती परंपरेतलं सांत्वन

विषय जाहीर झाला तेव्हा आम्हाला दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला. मुक्ताईच्या गावात येऊन ख्रिस्ती सांत्वनावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात मुक्ताईपासूनच करतो.

शके १२१९, म्हणजे १२९७ साली, तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताई अंतर्धान पावली, ही कथा इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. गावाचं एदलाबाद हे नाव जाऊन मुक्ताईनगर झालं तेही तिच्यामुळेच. पण आम्हाला आज त्या विजेबद्दल बोलायचं नाही, ताटीबद्दल बोलायचं आहे. लोकांच्या कुत्सित बोलण्यानं दुखावलेला ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसला, आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्याला ती उघडायला सांगू लागली. तेच ताटीचे अभंग. जगानं रागवावं, संतानं ते पोटात घालावं, असा त्यांचा एकूण सूर आहे.

आता एक गोष्ट नीट बघा. हेच शब्द पैठणच्या एखाद्या शास्त्र्यानं ज्ञानदेवाला ऐकवले असते तर? कानाला फार वाईट लागले असते. ज्यानं वाळीत टाकलं त्यानंच शांत राहा म्हणून सांगायचं! मुक्ताईच्या तोंडी ते शोभतात, कारण संन्याशाची पोर म्हणून जे भावाच्या वाट्याला आलं तेच तिच्याही वाट्याला आलं होतं. ती दुःखाच्या बाहेर उभी नव्हती, फक्त ताटीच्या बाहेर उभी होती. धीर धर असं कोणी कोणाला म्हणावं, हा आमच्या आजच्या बोलण्याचा प्रश्न आहे. मराठी ख्रिस्ती माणसांनी गेल्या चारशे वर्षांत तो कसा सोडवला, कुठं चुकवला, ते पाहू.

आधी शब्दांकडे वळू. आपल्याकडे या बाबतीत शब्दांची चंगळ आहे. धीर, सबुरी, दम, सहनशीलता, सोशिकपणा. सगळे एका अर्थाचे नाहीत. 'सबुरी' अरबीतल्या 'सब्र'वरून आली आणि आता ती घरचीच झाली. 'सोशिक' हा शब्द मात्र आम्हाला नेहमी खटकतो. सोशिक सून, सोशिक बाई. पुरुषाला सोशिक म्हटलेलं तुम्ही कितीदा ऐकलंय? 'धीर' वेगळा आहे. धीर धरता येतो, देता येतो, सुटतो, खचतो. तो दोन माणसांमध्ये फिरतो. सोसणं एकट्याचं असतं.

आज प्रचलित असलेल्या मराठी बायबलात, योहानाच्या शुभवर्तमानात, पवित्र आत्म्यासाठी एक शब्द येतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हाकेला धावून येणारा, बाजूला उभा राहणारा असा आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरात त्याचा 'सांत्वन करणारा' झाला. मराठीत कोणता शब्द आला? कैवारी! दीनांचा कैवारी म्हणतो ना आपण, तोच. सांत्वन करणारा पाठीवरून हात फिरवतो. कैवारी तुमची बाजू घेऊन भांडतो. मराठी भाषांतरकारांनी इथं इंग्रजीपेक्षा जास्त नेमका शब्द उचलला, असं आमचं मत आहे.

संयमाचा आदर्श म्हणून ख्रिस्ती प्रवचनांत ईयोबाचं नाव नेहमी येतं. ईयोबाचा धीर ही म्हणच झाली आहे. पण ज्यांनी ते पुस्तक वाचलंय त्यांना माहीत आहे की ईयोब पानंच्या पानं तक्रार करतो. जन्मलो त्या दिवसाला शाप देतो, देवाला कोर्टात उभं करायला निघतो. त्याचे तीन मित्र भेटायला येतात. पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात आणि एक शब्द बोलत नाहीत. इथवर सगळं छान चाललेलं असतं. मग ते तोंड उघडतात आणि समजावू लागतात की बाबा, तुझ्या हातून काहीतरी पाप घडलं असेल, त्याशिवाय असं होत नाही. शेवटी देवाचा राग होतो तो ओरडणाऱ्या ईयोबावर नाही, या समजावणाऱ्या मित्रांवर! हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

मराठीत हे सगळं पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आलं ते गोव्यात. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१९ साली तिथंच वारला. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं. भाषा मराठी, लिपी रोमन, ओव्या दहा हजारांच्या वर. भाषेचं त्याचं प्रेम तुम्ही शाळेत वाचलेलं असतं, त्यामुळे ते सोडून देतो. ग्रंथ का लिहिला, ते अधिक महत्त्वाचं आहे. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं काढून घेतलेली होती. संध्याकाळी जमून ऐकायला त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं. ज्या सत्तेनं पोथ्या हिरावल्या तिच्याच छत्राखाली हा पाद्री त्यांना पोथी परत देतोय, आणि तीही ओवीत. यात सांत्वन आहे आणि त्या सांत्वनाखाली एक जखमही आहे. दोन्ही एकदम पाहिलं पाहिजे.

पुढं काय झालं ते तर स्टीफन्सच्या कल्पनेतही नसेल. १६८४ साली पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषा बंद करण्याचा हुकूम काढला. तरी ख्रिस्तपुराण हातानं नकलून घरोघर राहिलं. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते बरोबर नेलं. १७८४ साली टिपू सुलतानानं कॅनरा भागातल्या हजारो ख्रिस्ती लोकांना पकडून श्रीरंगपट्टणला नेलं, आणि त्यांची सुटका झाली ती १७९९ साली टिपू पडल्यावर. पंधरा वर्षं. त्या कैदेत पाद्री नाही, चर्च नाही, तेव्हा या पुराणाच्या ओव्यांनी लोकांना तगवलं, अशी आठवण मंगळूरच्या ख्रिस्ती परंपरेत जपलेली आहे. घरी कोकणी बोलणारे लोक, मुलूख कानडी, आणि दुःखात म्हणायला मराठी ओवी. आपल्या भाषेचा असा उपयोग झाला हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

ओवीच का? जात्यावर बसलेली बाई काय करते ते आठवा. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी तिशीत विधवा झाल्या. त्यांना कोणी सांत्वनाचा ग्रंथ वाचून दाखवला नव्हता, त्यांना लिहिता-वाचताही येत नव्हतं. हात कामात आणि तोंडात ओवी. बहिणाबाईंचा ख्रिस्ती परंपरेशी संबंध नाही, पण दुःख वाहून न्यायचं मराठी वाहन कोणतं, ते त्यांच्याकडून कळतं. स्टीफन्सनं तेच वाहन निवडलं.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन १८५७ सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिची तारीख पाठ करतो आणि पुस्तक वाचत नाही. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत तिला एकामागून एक विधवा भेटतात. प्रत्येकीला आधीच कोणीतरी समजावून गेलेलं असतं की हे तुझं पूर्वजन्मीचं पाप आहे, भोग. हे ईयोबाचे मित्रच की! पुढं यमुना स्वतः विधवा होते. पदमनजींचं पुस्तक प्रचारकी आहे, यात शंका नाही. पण कर्माचा हिशेब सांगून केलेलं सांत्वन म्हणजे रडणाऱ्यालाच आरोपी करणं आहे, हे त्यांनी बरोबर पकडलं. फक्त एक पुस्ती आम्ही जोडतो. 'देव तुझी परीक्षा पाहतोय' हे ख्रिस्ती वाक्यही पुष्कळदा तेच काम करतं. दुःखात असलेल्याला उत्तर देण्याची घाई कुठल्याही एका धर्माची मक्तेदारी नाही.

पंडिता रमाबाईंपाशी मात्र आम्हाला थांबायचं आहे. अनंतशास्त्री डोंगरे मुलाबाळांना घेऊन तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडत होते. सत्तरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. जे होतं ते विकलं, व्रतं केली, दानं दिली. शेवटी अकरा दिवस आणि रात्री रानात पाणी आणि पाला खाऊन काढल्या, असं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. वडील गेले, थोड्या महिन्यांत आई गेली, मग बहीण गेली. उरलेली दोन भावंडं उत्तरेकडे चालत सुटली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीच्या रात्री पांघरूण नाही, म्हणून वाळूत थडग्यासारखे खड्डे करून, डोकं बाहेर ठेवून, अंगावर कोरडी वाळू ओढून ही भावंडं झोपली. अंगावर ओढायला मातीच, पण मेल्यावर नाही, जगण्यासाठी! १८८० साली भाऊ गेला. लग्न केलं, मुलगी झाली, १८८२ साली नवरा पटकीनं गेला. तेव्हा त्यांचं वय चोवीसही नव्हतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. १८८९ साली मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्यात. आणि तिथं १८९३ साली धर्मांतराच्या आरोपावरून उठलेलं वादळ, ज्यात आपले म्हणावेत असे सुधारकही दूर झाले.

हे सगळं होऊन गेलेल्या बाईकडे १८९६च्या अखेरीस मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या येतात. आपल्या उपासमारीच्या दिवसांची आठवण आपल्याला तिकडे घेऊन गेली, असं त्यांनीच लिहिलं आहे. गेल्या, पाहिलं आणि तीनशे मुली आणायच्या असं ठरवलं. हातात पैसा किती, हा प्रश्न नंतरचा. त्याच वेळी पुण्यात प्लेग. एवढ्या मुलींना शहरात ठेवणं अशक्य झालं, तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. राहुट्या, झोपड्या, विहिरी. त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. मग १८९९-१९००चा दुष्काळ आला, जो गुजरात-राजस्थानात विक्रम संवत १९५६ वरून छप्पनचा म्हणून ओळखला जातो आणि ज्यानं आपल्या खानदेशालाही सोडलं नाही. तेव्हा केडगावच्या कार्यकर्त्या गुजरातेत जाऊन मुलींना घेऊन आल्या. केडगावची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली.

करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला पौल एक युक्तिवाद करतो. आम्ही त्याचा आशय सांगतो. आम्हाला संकटात जे सांत्वन मिळालं ते यासाठी की संकटातल्या दुसऱ्यांना तेच देता यावं. म्हणजे सांत्वन ही साठवून ठेवायची ठेव नाही, पुढं द्यायची उसनवारी आहे. रमाबाईंच्या बाबतीत हे अक्षरशः घडलं. एका दुष्काळात वाळूत झोपलेली मुलगी दुसऱ्या दुष्काळात दुसऱ्या मुलींसाठी छप्पर घालते.

आणि ईयोबासारखंच, त्यांचं दुःख तिथं संपलं नाही. १९२१च्या जुलैत एकुलती मनोरमा गेली. अमेरिकेत ब्रेल शिकून आलेली, केडगावच्या अंध बायकांना शिकवणारी, संस्था पुढं चालवणार असलेली मुलगी. रमाबाई तेव्हा खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला समजेल अशा मराठीत सगळं बायबल आणण्याच्या कामात होत्या. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. मुलगी गेल्यावरही काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, आणि ते बायबल केडगावच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी छापलं. त्या काळात त्यांच्या मनात काय चाललं होतं याबद्दल भक्तिभावानं पुष्कळ लिहिलं गेलंय. आम्हाला मुद्रितं तपासणारी ती बहिरी होत चाललेली, थकलेली बाई पुरेशी वाटते.

दुसरी बाई लक्ष्मीबाई टिळक. तुमच्यापैकी अनेकांनी स्मृतिचित्रे वाचलं असेल. नसेल वाचलं तर आजच्या व्याख्यानाचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ते वाचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता. आज आपण टिळकांच्या भजनांवर प्रेम करतो, आम्हीही करतो. पण त्या दिवशी एका बाईवर काय कोसळलं ते त्या प्रेमापोटी झाकायचं नाही. नवरा जिवंत, कुंकू आहे, पण घर नाही. पदरात लहान दत्तू. काही वर्षं पंढरपुरात बहिणीच्या आसऱ्यानं काढली. भेटायला येणारी प्रत्येक बाई काहीतरी समजावून जाणार. म्हणजे इथंही ताटी लावून बसायची वेळ आली होती. त्याच काळात लक्ष्मीबाईंना कविता सुचू लागली.

पुढं त्या नवऱ्याकडे गेल्या. लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळं सांभाळत राहिल्या, स्वतःशी वाद घालत राहिल्या आणि १९०० साली राहुरीला, स्वतःच्या हिशेबानं, बाप्तिस्मा घेतला. मग नगरच्या प्लेगमध्ये आजाऱ्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या. ज्या बाईला अस्पृश्यतेच्या आणि सोवळ्याच्या कल्पनेतून बाहेर पडायला पाच वर्षं लागली, ती बाई आता जातपात न पाहता रोग्याच्या उशाशी बसते.

यांचा संयम सोशिक बाईचा नव्हे. त्या भांडतात, रुसतात, टिळकांच्या वेडेपणाला हसतात, आणि वाचणाऱ्यालाही हसवतात. हातातला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणाऱ्या माणसाशी संसार करताना हसता आलं नसतं तर वेडच लागलं असतं! ख्रिस्ती सांत्वनाच्या इतिहासात विनोदाला कोणी जागा देत नाही. आम्ही देतो, आणि ती लक्ष्मीबाईंच्या नावानं देतो.

टिळक १९१९ साली ९ मे रोजी गेले. येशूचं चरित्र ओवीत सांगणारं ख्रिस्तायन त्यांनी सुरू केलं होतं, सुरुवातीचे काही अध्याय झाले होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहून ते पुरं केलं. स्टीफन्सच्या पुराणानंतर तीनशे वर्षांनी पुन्हा ओवीच. आजही आपल्या भागातल्या चर्चमध्ये, भुसावळला काय, नंदुरबार-नवापूरकडे काय, मयताच्या घरी 'उपासना संगीत' हातात घेऊन लोक बसतात तेव्हा त्यातली पुष्कळ भजनं टिळकांची असतात. चाल अभंगाची असते. शेजारचा वारकरी दारात उभा राहिला तर त्याला परकं वाटत नाही.

एक हरकत घेतली जाते आणि ती घेतलीच पाहिजे. दुःखात धीर धरा ही शिकवण जुलमाला सोयीची नाही का? सोयीची आहे, अनेकदा झाली आहे. दुष्काळात अन्नासाठी लोक ख्रिस्ती झाले, ही टीका त्या काळीही होती आणि तिच्यात काहीच तथ्य नाही असं आम्ही म्हणणार नाही. परलोकाचं बक्षीस दाखवून मजुराला गप्प बसवणारी प्रवचनं झाली आहेत. आणि गावकुसाबाहेरून आलेल्या ख्रिस्ती माणसाला चर्चमध्येही वेगळं बसावं लागलं, तेव्हा त्याला सबुरीचा उपदेश करणारा बहुधा वरच्या जातीतून आलेला होता. पुन्हा पैठणचा शास्त्री! म्हणून आम्ही पहिल्यापासून एकच गोष्ट विचारतोय, की बोलणारा ताटीच्या कुठल्या बाजूला उभा आहे? त्यानं काय सोसलंय, आणि बोलून झाल्यावर तो काय करणार आहे? रमाबाईंनी तीनशे मुलींना सहन करा असं सांगितलं नाही, गाडीत बसवून आणलं.

खानदेशाशी या गोष्टीचा एक धागा जुळतो. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं. तिथं धरणगावच्या एका सतरा वर्षांच्या पोरानं कविता म्हटली आणि तो बालकवी झाला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. टिळकांनी त्याला पुढं नगरला नेलं. ब्राह्मणाचं पोर ख्रिस्ती घरात मुलासारखं राहिलं. लक्ष्मीबाईंनी त्याच्याबद्दल किती मायेनं लिहिलंय! निसर्गाचा आनंद गाणारा हा कवी आतून फार उदास होत असे, ते त्याच्या कवितेतही दिसतं. त्या घरात त्याला धीर मिळाला. पुरला नसेल कदाचित. प्रत्येकाला पुरतोच असं नाही. ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला, वय अठ्ठावीसही नाही. टिळक दांपत्यानं दुसऱ्यांची इतकी दुःखं हाताळली, पण या मरणाला त्यांच्याकडे काही उत्तर होतं असं आम्हाला वाटत नाही. सुमारे एका वर्षानं टिळकही गेले.

आपल्याकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याला 'दारावर जाणं' म्हणतात. पेपरात 'द्वारदर्शन' म्हणून वेळ छापून येते. बाहेरगावच्या माणसाला हा शब्द गमतीचा वाटतो, दाराचं कसलं दर्शन? पण आपण जातो, ओट्यावर किंवा सतरंजीवर बसतो, कोणी फारसं बोलत नाही, घोटभर पाणी, आणि उठतो. ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस म्हणजे दुसरं काय होतं? २०२० आणि २०२१ साली कोरोनामध्ये याच पेपरात 'द्वारदर्शन नाही, कृपया फोनवरून सांत्वन करावे' अशा ओळी येऊ लागल्या. आम्हीही तेव्हा पुष्कळ फोन केले. पलीकडून आवाज यायचा, बरं आहे, हो, बरं आहे, आणि मग दोन्ही बाजूंना काही सुचायचं नाही. ओट्यावर गप्प बसता येतं. फोनवर गप्प बसलं की लाइन कट झाली असं वाटतं.

त्यानंतर वर्षभरानं आम्ही काही घरी गेलो, उशिरा. एका घरात सत्तरीच्या आजींनी दार उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता आले का रे? या, बसा." आम्ही बसलो.

बरं, प्रश्न असतील तर घेऊ. मागं बसलेल्यांपर्यंत माईक जाऊ द्या.